गवा, मिथुन आणि अभिमत क्रमांक २०२७ : वैज्ञानिक नावाच्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवहीचा, म्हणजे गावातील सजीवांच्या अधिकृत नोंदीचा, मसुदा तपासणीसाठी पाठवला, तेव्हा वन्य सस्तन प्राण्यांच्या तक्त्यात गव्याच्या ओळीसमोर दोन निरनिराळ्या हस्ताक्षरांत दोन वैज्ञानिक नावे लिहिलेली होती. निळ्या शाईत ‘बॉस गॉरस’ आणि त्याखाली काळ्या शाईत ‘बॉस फ्राँटॅलिस’. त्या दोहोंच्या वर पेन्सिलीने लिहून नंतर खोडलेले तिसरे नाव ‘बुबॅलस’ असे होते. ते बहुधा कोणीतरी ‘गवारेडा’ या बोलीतल्या नावावरून रानरेड्याच्या ओळीतून उचलले असावे आणि ते चूक आहे याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. प्रश्न उरला होता तो दोन शाईंतल्या दोन नावांचा.

निळ्या शाईतली नोंद अभयारण्यात काम केलेल्या एका वनरक्षकाची होती, तर काळ्या शाईतली कराडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची. दोघांकडेही छापील आधार होता आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बिनबुडाचे नव्हते. वनरक्षकाचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते : “मॅडम, कायद्याच्या अनुसूचीत जे आहे तेच लिहायचं, नाहीतर उद्या कागद परत येईल.” त्यावर प्राध्यापिकेचे उत्तर असे, की अनुसूची नाव वापरते, नाव ठरवत नाही, नाव ठरते ते प्राणिनामकरणाच्या संहितेने, आणि त्या संहितेचा पहिला नियमच जुन्या नावाला मान देण्याचा आहे. समितीच्या अध्यक्षांनी बैठकीत हात वर करून निकाल लावण्याची सूचना केली होती. ती हसण्यावारी गेली खरी, परंतु पुढे दिसेल त्याप्रमाणे या वादाचा निकाल प्रत्यक्षात मतदानानेच लागलेला होता. फक्त ते मतदान पाटण तालुक्यात झालेले नव्हते.

वाद प्राण्याबद्दल मुळीच नव्हता, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. कोयना अभयारण्य आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या बाजूचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्या पट्ट्यातील गवा हा खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचा आहे. काळपट अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच धावत जाऊन एकदम तुटणारा कणा आणि दोन शिंगांच्या मध्ये कपाळावर आलेला उंचवटा, एवढ्या खुणांवर तो कोणालाही ओळखता येतो. भाताच्या खाचरात रात्री काय शिरले होते हे खुरांच्या ठशांवरून सांगणाऱ्या माणसाला त्याच्या लॅटिन नावाची गरज पडत नाही. नोंदवहीला मात्र पडते, कारण ती एका गावापुरती राहत नाही. तिच्यातील नोंदी पुढे जिल्हा आणि राज्य पातळीवर इतर याद्यांशी पडताळल्या जातात, आणि तेथे एकाच प्राण्याची दोन नावे म्हणजे दोन प्राणी असा हिशेब होतो.

दोन नावे आली कोठून

‘बॉस फ्राँटॅलिस’ हे नाव आयल्मर बर्क लँबर्ट यांनी १८०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ट्रँझॅक्शन्समध्ये दिले. लँबर्ट हे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्यासमोरचे जनावर गवा नव्हते, ते ‘गयाळ’ होते, म्हणजे ईशान्येकडील राज्यांत आज ज्याला मिथुन म्हणतात ते अर्धमोकळे पाळले जाणारे जनावर. अरुणाचल प्रदेश आणि नागालँड या दोन्ही राज्यांचा तो राज्यप्राणी आहे. गव्यापेक्षा तो बुटका असतो, त्याची शिंगे अधिक सरळ बाहेर जातात आणि गव्याच्या कपाळावरचा तो उंचवटा त्याला नसतो. कपाळ सपाट आणि रुंद असते.

‘बॉस गॉरस’ हे नाव त्यानंतर २३ वर्षांनी, १८२७ मध्ये, चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ यांनी दिले, आणि ते रानातल्या गव्यालाच दिले. त्या नावाचे मूळ ठिकाण आजच्या छत्तीसगडमधील सरगुजा भागातील मैनपाट मानले जाते. दोन्ही नावे रीतसर प्रसिद्ध झालेली, वर्णनासह दिलेली आणि संहितेच्या दृष्टीने ‘उपलब्ध’, म्हणजे वापरास पात्र होती. निरनिराळ्या जनावरांना दिलेली निरनिराळी नावे म्हणून ती सुखाने नांदू शकली असती, आणि पुष्कळ काळ तशी नांदलीही.

अडचण तेव्हा येते, जेव्हा एखादा अभ्यासक असे म्हणतो की मिथुन हा गव्यापासूनच माणसाळवलेला आहे, म्हणून दोन्ही एकच जाती आहेत. हे मत वावगे नाही. मिथुन गव्यापासून उतरला असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि भारतीय गवा व मिथुन या दोहोंत गुणसूत्रांची संख्या ५८ आहे, तर आपल्या गोठ्यातल्या गाईबैलांत ती ६० असते. पण जाती एक मानली की तिला वैध नाव एकच हवे, आणि अग्रक्रमाच्या तत्त्वानुसार ते सर्वांत जुने हवे. १८०४ हे वर्ष १८२७ च्या आधी येते. म्हणजे सह्याद्रीत भाताच्या खाचरात उतरणाऱ्या रानगव्याला, ज्याने गयाळ कधी पाहिलेला नाही अशा प्राण्याला, पाळीव जनावरावरून पडलेले नाव लावावे लागते. काही प्रमाण संदर्भसूच्यांनी नेमके हेच केले होते, आणि काळ्या शाईतले नाव तेथून आले होते. प्राध्यापिकेचा युक्तिवाद त्यामुळे नियमाला धरून होता. तो अपुरा होता तो एवढ्याचसाठी, की नियमाच्या पुढे एक निर्णय झालेला होता.

नियम स्वतःहून सोडवू शकत होता का

प्राणिनामकरणाची संहिता ही एखाद्या देशाचा कायदा नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ या मानलेल्या तारखेपासून, प्राण्यांच्या नावांचा हिशेब सुरू होतो आणि संहितेची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी कोणतेही न्यायालय किंवा दंड नाही. जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ ती मानतात म्हणून ती चालते. तिचा अर्थ लावणे आणि प्रसंगी विशिष्ट नावापुरता तिचा नियम बाजूला ठेवणे हे काम १८९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे आहे.

जुने पण अडचणीचे नाव मागे सारण्यासाठी प्रत्येक वेळी आयोगाकडे जावे लागते असे नाही. संहितेच्या कलम २३.९ मध्ये अभ्यासकाला स्वतःच अग्रक्रम उलटवण्याची मुभा दिलेली आहे, मात्र तिच्या दोन्ही अटी कडक आहेत. जुने नाव १८९९ नंतर वैध नाव म्हणून वापरलेले नसावे, ही पहिली अट. आणि नवे नाव लगतच्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ प्रकाशनांत, १० वर्षांपेक्षा कमी नसलेल्या कालावधीत विखुरलेले, त्याच प्राण्यासाठी वापरलेले असावे, ही दुसरी. गव्याच्या बाबतीत दुसरी अट डोळे मिटून पूर्ण होते. पहिली होत नाही, कारण ‘फ्राँटॅलिस’ हे नाव कधी विस्मृतीत गेलेच नाही. मिथुनासाठी ते विसाव्या शतकातही सर्रास वापरात होते.

दुसरा मार्ग सुचतो तो असा, की दोन्ही नावे एकाच नमुन्यावर आधारलेली असती तर वाद वस्तुनिष्ठ राहिला असता, कोणाच्या मतावर अवलंबून राहिला नसता. पण दोन्ही नावांचे आधारनमुने वेगळे आहेत, एक पाळीव आणि एक रानटी. त्यामुळे ती नावे समानार्थी आहेत की नाहीत हे प्रत्येक अभ्यासकाच्या वर्गीकरणविषयक मतावर अवलंबून राहते. एका पुस्तकात गवा ‘गॉरस’, दुसऱ्यात ‘फ्राँटॅलिस’, आणि दोन्ही पुस्तके नियमाप्रमाणे बरोबर, अशी ही स्थिती होती. माझ्या मते या प्रकरणाचे खरे शिकवण्याजोगे अंग हेच आहे : येथे कोणी नियम मोडला नव्हता, नियम पाळूनच गोंधळ निर्माण झाला होता, आणि अशा गोंधळावर अधिक काटेकोरपणे नियम पाळणे हा उपाय होऊ शकत नाही.

अर्ज, हरकती आणि मतदान

हा पेच एकट्या गव्याचा नव्हता. माणसाने पाळलेली जनावरे अठराव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांच्या दारातच होती, म्हणून त्यांना नावे आधी मिळाली. त्यांचे रानटी पूर्वज दूरच्या जंगलांत होते, म्हणून त्यांना नंतर. रानरेड्याला रॉबर्ट कर यांनी १७९२ मध्ये ‘आर्नी’ म्हटले, तेव्हा म्हशीचे ‘बुबॅलिस’ हे लिनियसचे नाव ३४ वर्षांचे झाले होते. लांडगा आणि कुत्रा यांना तर लिनियसने एकाच पुस्तकात, एकाच वर्षी नावे दिली. अशा सगळ्या नावांचा एकत्र विचार व्हावा म्हणून अँथिया जेंट्री, ज्युलिएट क्लटन-ब्रॉक आणि कॉलिन ग्रोव्ह्ज या तिघांनी आयोगाकडे अर्ज केला, आणि तो १९९६ मध्ये आयोगाच्या ‘बुलेटिन ऑफ झूलॉजिकल नोमेनक्लेचर’ या नियतकालिकात प्रकरण क्रमांक ३०१० म्हणून प्रसिद्ध झाला. मूळ अर्जात रानटी सस्तन प्राण्यांची १५ नावे होती. त्यांची मागणी मोजकी होती. पाळीव प्राण्यांची नावे रद्द करा असे अर्जदारांनी म्हटले नाही; रानटी जातींची रूढ नावे, केवळ पाळीव रूपाचे नाव आधीचे किंवा त्याच वेळचे आहे या कारणाने, बाद ठरू नयेत एवढेच त्यांनी मागितले.

अर्ज प्रसिद्ध होणे हाच या प्रक्रियेचा कणा आहे. तो छापून आला की जगातील कोणीही त्यावर अनुकूल वा प्रतिकूल टिप्पणी पाठवू शकतो आणि त्या टिप्पण्याही त्याच नियतकालिकात छापल्या जातात. आयोगाचे सदस्य निरनिराळ्या देशांतील असतात. ते लेखी मतदान करतात, आणि संहितेचा सामान्य नियम एखाद्या नावापुरता बाजूला ठेवण्यासाठी आयोगाला आपला विशेष अधिकार वापरायचा असेल तर दिलेल्या वैध मतांपैकी दोन तृतीयांश मते बाजूने पडावी लागतात. निकाल ‘अभिमत’ या नावाने क्रमांकासह प्रसिद्ध होतो आणि संबंधित नावे अधिकृत यादीत चढवली जातात. दरम्यान प्रकरण विचाराधीन असेपर्यंत प्रचलित वापर चालू ठेवावा, अशी तरतूद संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. म्हणजे अर्ज पडून असताना नावे मधल्यामध्ये हेलकावे खात नाहीत. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात ‘जैसे थे’ आदेशाने जे काम होते, तेच येथे हे कलम करते.

निकालाला सात वर्षे लागली. मार्च २००३ मध्ये अभिमत क्रमांक २०२७ प्रसिद्ध झाले, तेव्हा नावांची संख्या १५ वरून १७ झाली होती. सस्तन प्राण्यांच्या जोडीला एक मासा आणि एक पतंग यांची नावे आत आली. तो पतंग म्हणजे रेशीमकिड्याचा रानटी भाऊबंद, ‘बॉम्बिक्स मँडारिना’. तुतीवर रेशीम घेणाऱ्या साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्यांच्या घरातला किडा मात्र पूर्वीप्रमाणे ‘बॉम्बिक्स मोरी’च राहिला. त्या १७ नावांत स्मिथ यांचे १८२७ चे ‘गॉरस’ होते.

अभिमताने काय ठरवले आणि काय ठरवले नाही

समितीच्या पुढच्या बैठकीत प्राध्यापिकेने हाच प्रश्न अतिशय नेमकेपणाने विचारला : आयोगाने गवा आणि मिथुन या दोन वेगळ्या जाती आहेत असे म्हटले आहे का? तसे म्हटलेले नाही. जाती एक की दोन, हा शास्त्रीय मताचा प्रश्न आहे आणि संहिता त्यात हात घालत नाही. वर्गीकरणाच्या विचारस्वातंत्र्याला बाधा न आणणे हे तिचे घोषित धोरणच आहे. अभिमत २०२७ ने केवळ एवढे सांगितले, की रानटी रूपावर आधारलेली ही १७ नावे पाळीव रूपाच्या जुन्या नावामुळे अवैध ठरत नाहीत. त्यामुळे दोन्हीपैकी कोणतेही मत धरले तरी रानातल्या गव्याचे नाव बदलत नाही. दोन जाती मानणाऱ्याला गवा ‘बॉस गॉरस’ आणि मिथुन ‘बॉस फ्राँटॅलिस’ असे लिहिता येते. एकच जाती मानणाऱ्याने त्या जातीसाठी ‘बॉस गॉरस’ हेच नाव घ्यायचे आणि मिथुन त्याच नावाखाली पाळीव रूप म्हणून दाखवायचा. फक्त एकाच गोष्टीला वाव उरला नाही : जाती एक मानून, जुनेपणाच्या जोरावर, रानगव्याला ‘बॉस फ्राँटॅलिस’ म्हणणे. काळ्या शाईतली नोंद नेमकी ती होती.

प्राध्यापिकेने आपला मुद्दा तेथेच सोडला, आणि तो हरल्याप्रमाणे सोडला नाही. त्यांनी दाखवून दिले, आणि ते योग्यच होते, की २००३ नंतर छापलेल्या काही संदर्भांतही जुनी पद्धत चालू राहिलेली आहे, आणि वाचकाने छापील पुस्तकाचे वर्ष पाहून भागत नाही. आयोगाचे अभिमत अंमलात आणणारा शिपाई कोणी नसल्यामुळे हे व्हायचेच. परंतु संहितेच्या दृष्टीने पुस्तकांची संख्या आता महत्त्वाची राहत नाही. अभिमत बदलायचे असेल तर नव्या कारणांसह पुन्हा आयोगाकडेच अर्ज करावा लागतो.

वनरक्षकाचे म्हणणेही तपासून घेणे आवश्यक होते, कारण बरोबर नावापर्यंत तो वेगळ्या वाटेने पोहोचला होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत गवा ‘बॉस गॉरस’ या नावाने आहे. धोक्यातील प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तेच नाव आहे, आणि तेथे शेजारीच खुलासा आहे की ‘बॉस फ्राँटॅलिस’ या नावाने ओळखले जाणारे पाळीव रूप या नोंदीतून वगळले आहे. म्हणजे कायद्याने या दोन नावांच्या मध्ये रान आणि गोठा यांची सीमारेषाच आखलेली आहे. मिथुनाचे मांस ईशान्येत खाल्ले जाते, २०२३ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला अन्नप्राणी म्हणून मान्यता दिली आहे, आणि त्याच्या संवर्धनासाठी नागालँडमध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. गव्याची शिकार मात्र पहिल्या अनुसूचीतला गुन्हा आहे. अशा स्थितीत एखाद्या गावाच्या अधिकृत नोंदवहीत रानगवा ‘बॉस फ्राँटॅलिस’ म्हणून नोंदला गेला, तर उद्या एखाद्या वकिलाला त्यात काय सापडेल याचा अंदाज करणे फार अवघड नाही. तरीही अनुसूची हा नावाचा आधार नव्हे, ही प्राध्यापिकेची भूमिका मला मान्य आहे. अनुसूचीत चुकीची स्पेलिंगे आणि कालबाह्य नावे असू शकतात, आणि नोंदवहीत आधार म्हणून अभिमताचा क्रमांक लिहिणे अधिक भक्कम ठरते.

नोंद कशी झाली

शेवटी मान्य झालेली ओळ अशी होती : स्थानिक नाव – गवा, गवारेडा, वैज्ञानिक नाव – बॉस गॉरस स्मिथ, १८२७, शेरा – अभिमत २०२७ (२००३) नुसार. स्मिथ यांचे नाव कंसात का नाही, असे ग्रामपंचायतीच्या संगणक चालकाने विचारले, कारण त्याच पानावर काही नावांपुढे कंस होते आणि त्याला ते टंकनातले दोष वाटले होते. प्रश्न चांगला होता. नाव देणाऱ्याने जाती ज्या प्रजातीत, म्हणजे जातीच्या वरच्या ज्या गटात (नावाचा पहिला शब्द), ठेवली होती तीच प्रजाती आज कायम असेल तर नाव कंसाबाहेर, आणि प्रजाती बदलली असेल तर कंसात, असा नियम आहे. स्मिथ यांनी गव्याला ‘बॉस’मध्येच ठेवले होते. हॉजसन यांनी १८३७ मध्ये मांडलेली ‘बिबॉस’ ही प्रजाती जे अभ्यासक वेगळी मानतात, त्यांना मात्र कंस द्यावा लागतो. उलट रानरेड्याला कर यांनी ‘बॉस’मध्ये घातले होते आणि आज तो ‘बुबॅलस’मध्ये आहे, म्हणून तेथे (कर, १७९२) असे लिहितात. रानरेडा या खोऱ्यात नाही, तेव्हा पेन्सिलीतल्या त्या खोडलेल्या नावाबरोबर त्याची ओळही तक्त्यातून गेली. उपजातीचा रकाना समितीने कोरा ठेवला, आणि ते शहाणपणाचे झाले.

पाळीव प्राण्यांच्या तक्त्यात म्हशीपुढे ‘बुबॅलस बुबॅलिस’ (लिनियस, १७५८) हे नाव कायम राहिले, कारण पाळीव रूपांची नावे अभिमताने रद्द केलेलीच नव्हती. कुत्र्याच्या ओळीवर पुन्हा थोडी चर्चा झाली. माण-खटावच्या माळावरचा लांडगा ‘कॅनिस लुपस’ हे नाव बाळगून आहे आणि ते नाव त्या १७ मध्येच आहे. कुत्र्याला ‘कॅनिस फॅमिलिअरिस’ म्हणावे की ‘कॅनिस लुपस फॅमिलिअरिस’, हे मात्र आयोगाने लिहिणाऱ्यावर सोडलेले आहे. समितीने पहिले रूप निवडले, कारण तक्ता पाळीव जनावरांचा होता आणि म्हशीच्या ओळीत तीच पद्धत वापरली होती, आणि ही निवड कोणत्या मतानुसार केली ते तक्त्याखालच्या टिपेत नोंदवले.